सक्शन : नियमात लिहिलेले आणि खाटेपाशी घडणारे

कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत साठलेला कफ बारीक नळीने ओढून काढण्याला आयसीयूत सगळेच ‘सक्शन’ म्हणतात. पुढे ‘ट्यूब’ म्हणजे घशातून श्वासनलिकेत बसवलेली, श्वासयंत्राला (व्हेंटिलेटरला) जोडलेली नळी आणि नुसते ‘नळी’ म्हणजे तिच्यातून आत घालायची सक्शनची बारीक नळी. या विषयावर गेल्या काही दिवसांत इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच द्यायचे ठरवले. पत्रलेखकांत रुग्णाचे नातेवाईक आहेत, रोज हे काम करणाऱ्या परिचारिका आहेत आणि परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थीही आहेत. मार्गदर्शक तत्त्वे छापलेली असताना प्रत्यक्षात ती कितपत पाळली जातात, ही विचारणा मात्र बहुतेक सर्वांचीच आहे. पत्रांतील आवश्यक तेवढाच भाग येथे घेतला असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील 11 दिवस व्हेंटिलेटरवर होते. भेटीच्या वेळेत मी पाहत असे, की एक सिस्टर दर दोन तासांनी घड्याळ पाहून सक्शन करीत, तर दुसऱ्या सिस्टर छातीला स्टेथोस्कोप लावून “आत्ता गरज नाही” असे म्हणून निघून जात. एकजण आधी ट्यूबमध्ये सलाइन (मिठाचे निर्जंतुक पाणी) सोडत, दुसऱ्यांनी ते कधीच केले नाही. वडील आता बरे आहेत; पण त्या दिवसांतले सर्वांत नकोसे काय, असे विचारले की ते सक्शनचेच नाव घेतात. या दोघींत बरोबर कोण होते? याला एकच एक नियम नाही का?

उत्तर : आपले वडील सुखरूप घरी आले हे वाचून बरे वाटले. त्यांची आठवण अगदी खरी आहे. व्हेंटिलेटरवरून बाहेर आलेले कितीतरी रुग्ण हेच सांगतात, कारण सक्शनच्या त्या काही सेकंदांत कफाबरोबर फुफ्फुसांतली हवाही ओढली जाते, जोराचा ठसका लागतो आणि घशात ट्यूब असल्यामुळे ओरडताही येत नाही. म्हणूनच हे काम करण्याआधी, रुग्ण गुंगीत असला तरीही, त्याच्या कानाशी जाऊन “आता कफ काढते, थोडा त्रास होईल, लगेच संपेल” असे सांगणे हा सक्शनचाच भाग समजला जातो. वडिलांना तसे कोणी सांगत असे का, हे त्यांना जरूर विचारा.

आता मूळ प्रश्न. घशात ट्यूब असली, की माणसाची खोकून कफ बाहेर टाकण्याची स्वाभाविक शक्ती जवळजवळ संपते, म्हणून तो बाहेरून काढावाच लागतो. तो साठू दिला तर ट्यूब अरुंद होत जाते आणि कधी पूर्ण बंदही पडू शकते. दुसऱ्या बाजूने, सक्शन ही निरुपद्रवी गोष्ट नाही. त्यामुळे रक्तातील ऑक्सिजन उतरतो, व्हेगस नावाचा मज्जातंतू चेतवला जाऊन हृदयाचे ठोके मंदावू शकतात, रक्तदाब आणि मेंदूतील दाब वाढू शकतो, श्वासनलिकेचे नाजूक अस्तर सोलवटून रक्त येऊ शकते, फुफ्फुसाचा काही भाग मिटू शकतो आणि हात किंवा नळी स्वच्छ नसेल तर जंतू थेट आत पोहोचतात. न केल्याने अपाय आणि अकारण केल्यानेही अपाय, अशी ही कृती असल्यामुळे ती केव्हा करायची याचा निर्णयच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

या निर्णयाबाबत नियम आहे आणि तो बराच स्पष्ट आहे. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर या संस्थेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्राव असेल तेव्हाच सक्शन करावे, ठरावीक तासांनी करू नये, असे म्हटले होते. 2022 साली याच संस्थेने तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली तेव्हाही गरजेपुरतेच सक्शन पुरेसे असल्याचे सांगितले, आणि ते मोठ्यांना, मुलांना व नवजात बालकांना असे सर्वांनाच लागू केले. गरज कशी ओळखायची, हेही त्यांत दिलेले आहे. ट्यूबमध्ये स्राव डोळ्यांना दिसणे, श्वासाबरोबर घरघर ऐकू येणे, वायुमार्गातील अडथळा एकाएकी वाढणे आणि व्हेंटिलेटरच्या पडद्यावर हवेच्या प्रवाहाची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसू लागणे, ही ती लक्षणे होत. ही शेवटची खूण फार उपयोगी आहे. एरवी गुळगुळीत वळण घेऊन उतरणारी रेषा बारीक कंपने घेत उतरू लागली, की आत कुठेतरी कफ हलतो आहे असे समजावे. मात्र त्याआधी व्हेंटिलेटरच्या नळ्यांत पाणी साठलेले नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण ते पाणीही तशीच रेषा काढते.

तेव्हा स्टेथोस्कोप लावून परत जाणाऱ्या सिस्टर आपल्याला काम टाळणाऱ्या वाटल्या असतील, तर तो समज कृपया काढून टाका. त्यांनी काम केले होते. दर दोन तासांनी *तपासणे* योग्यच आहे. दर दोन तासांनी नळी घालणे योग्य नाही. घड्याळाप्रमाणे सक्शन करणाऱ्या सिस्टरांनाही मी निष्काळजी म्हणणार नाही, कारण अनेक वर्षे सगळीकडे तेच शिकवले जात होते, आणि नोंदीच्या तक्त्यात दोन-दोन तासांचे रकाने आजही छापलेले असतील तर रिकामा रकाना पाहून कोणत्याही कर्तव्यदक्ष माणसाला अस्वस्थ वाटते.

सलाइनविषयीही आपण विचारले आहे. कफ पातळ होईल या समजुतीने काही मिलिलिटर सलाइन ट्यूबमध्ये सोडण्याची प्रथा जुनी आहे. पण पाण्यात जसे तेल मिसळत नाही, तसाच घट्ट कफ थोड्याशा सलाइनने विरघळत नाही. त्यातून 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की ट्यूबच्या आतल्या भिंतीला चिकटलेले जिवंत जंतू नुसती नळी घातल्याने जितके सुटत होते, त्याच्या कितीतरी पट 5 मिलिलिटर सलाइनने सुटत होते, म्हणजेच ते खाली फुफ्फुसाकडे जाण्याची शक्यता वाढत होती. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी : कर्करोगाच्या रुग्णांच्या आयसीयूत 262 जणांवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सलाइन सोडलेल्या गटात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले होते. एकूण पुरावा पाहून 2022 च्या तत्त्वांत सलाइन सर्वसाधारणपणे टाळावे असेच म्हटले आहे. कफ चिकट होत असेल तर इलाज बहुधा अन्यत्र असतो, तो म्हणजे श्वासातून जाणाऱ्या हवेला पुरेशी ऊब आणि ओलावा देणे. शरीराच्या तापमानाला पूर्ण ओलावलेल्या हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे 44 मिलिग्रॅम बाष्प असते. व्हेंटिलेटरमधून येणारी कोरडी हवा तशीच आत गेली, तर ते बाष्प ती श्वासनलिकेकडून वसूल करते आणि कफ वाळतो.

प्रश्न : मी सहा वर्षे आयसीयूत परिचारिका आहे. सक्शनची लेखी परीक्षा घेतली तर मला पूर्ण गुण मिळतील. तरीही ड्युटीवर दोन-दोन व्हेंटिलेटर सांभाळताना आधी ऑक्सिजन वाढवणे राहून जाते, सक्शनच्या दाबाचा काटा पाहिला जात नाही, कधी छाती न ऐकताच नळी घातली जाते. नंतर मनाला लागते. माझ्यासारख्या आणखी असतील का, की मीच कमी पडते आहे?

उत्तर : ताई, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपण एकट्या नाही आहात.

ब्रिटनमध्ये वॉर्ड आणि हाय डिपेंडन्सी (वॉर्डापेक्षा जास्त देखरेखीच्या) विभागांतील 28 परिचारिकांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना प्रश्नही विचारले होते आणि त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिलेही होते. अनेकींना शिफारस केलेली पद्धत ठाऊकच नव्हती, काहींची कृती रुग्णाला धोकादायक ठरू शकेल अशी होती. पण मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो : ज्ञान आणि कृती यांच्यात ठळक असा संबंधच आढळला नाही. जिला अधिक माहिती होती तिचे हात अधिक अचूक चालत होते असे नव्हते. पुढे 2008 साली आयर्लंडमधील दोन आयसीयूंत 45 परिचारिकांच्या उघड्या पद्धतीच्या, म्हणजे रुग्णाला व्हेंटिलेटरपासून सोडवून केलेल्या, सक्शनचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. प्रत्येकीची पद्धत निराळी होती, आणि सक्शनआधी रुग्णाला तपासणे, जादा ऑक्सिजन देणे, जंतुसंसर्ग टाळण्याची काळजी आणि सक्शनचा दाब या चार बाबतींत शिफारस आणि कृती यांच्यातली तफावत मोठी होती. आपण पत्रात लिहिलेल्या तिन्ही गोष्टी या चारांत येतात, हे आपल्या लक्षात आले असेल.

आता या सुटणाऱ्या पायऱ्या नीट पाहा. रुग्णाला तपासणे, ऑक्सिजन वाढवून थांबणे, काटा पाहणे, हात निर्जंतुक करणे, या सर्व नळी आत जाण्याच्या *आधीच्या* पायऱ्या आहेत. माझ्या अनुभवातही नळी घातल्यानंतरचा भाग बहुतेकींचा चांगला असतो. नळी बाहेर घेतानाच ओढ द्यायची, आत जाताना नाही, हे हाताला बसलेले असते. सुटते ते आधीचे. त्याचे कारण असे, की सक्शनची वेळ बहुधा गडबडीची असते. अलार्म वाजतो, सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) 88 टक्क्यांवर येते, रुग्ण ठसकतो, शेजारच्या खाटेचा पंप ओरडत असतो, आणि अशा वेळी शंभर टक्के ऑक्सिजन देऊन 30 ते 60 सेकंद थांबणे म्हणजे काहीच न करता उभे राहिल्यासारखे वाटते. ते थांबणे हे काम आहे, अशी सवय मनाला लावावी लागते, आणि ती नुसत्या व्याख्यानाने लागत नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षीची एक रात्र मला अजून आठवते. व्हेंटिलेटरवरच्या एका आजींचे सक्शन करताना नळीत ताज्या रक्ताची एक बारीक रेघ आली. मी थांबले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच भिंतीवरच्या काट्याकडे नीट पाहिले, तर तो 300 मिलिमीटर पाऱ्याच्या पलीकडे, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर होता. आधीच्या पाळीत घट्ट कफासाठी कोणीतरी बटण फिरवले होते, हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवताना, ते सांगायचे राहिले होते आणि मी न पाहता तीन वेळा नळी घातली होती. आजींना पुढे काही झाले नाही. नियम मला तेव्हाही पाठ होता. आजही नळी हातात घेण्याआधी माझी मान आपोआप त्या काट्याकडे वळते, ती मात्र त्या रात्रीमुळे.

तेव्हा आपण कमी पडता आहात का, याचे माझे उत्तर असे आहे. सुटलेल्या पायरीची जबाबदारी आपली आहेच, ती मी हलकी करणार नाही. पण दोन व्हेंटिलेटर एका परिचारिकेकडे देणे, योग्य मापाच्या नळ्या खाटेपाशी नसणे, छाती ऐकायला सामाईक स्टेथोस्कोप विभागाच्या दुसऱ्या टोकाला असणे, काटा डोक्यामागे आणि धूसर असणे या गोष्टी आपल्या हातातल्या नाहीत, आणि त्या बदलल्याशिवाय आपल्याकडून सातत्याची अपेक्षा करणे न्याय्य नाही. स्वच्छ हातांचेच उदाहरण घ्या. हे सर्वांत साधे आणि सर्वांना माहीत असलेले काम. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरच्या अभ्यासांची जी सरासरी दिली आहे त्यानुसार हात स्वच्छ करण्याचा नियम केवळ 38.7 टक्के वेळा पाळला जात होता. उरलेल्या साठ टक्क्यांत सर्वच जण बेफिकीर असतील असे मला वाटत नाही. बेसिन दूर होते, बाटली रिकामी होती, हाताला घाई होती.

आपल्या हातात असलेले एक काम सुचवते. ड्युटीवर आल्यावर हँडओव्हर घेतानाच, रुग्णाला हात लावण्याआधी, प्रत्येक खाटेची चार गोष्टींची तपासणी करून ठेवा : सक्शनची नळी अंगठ्याने बंद करून काट्यावर दाब किती येतो, योग्य मापाच्या नळ्या किती आहेत, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ऑक्सिजनला जोडलेली आहे का आणि ट्यूब दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे. घाईच्या वेळी ज्या पायऱ्या गळतात त्यांतल्या निम्म्या शांत वेळेत आधीच होऊन जातात. आणि ऑक्सिजनच्या थांबण्यासाठी व्हेंटिलेटरवर असलेले शंभर टक्के ऑक्सिजनचे बटण आधी दाबून मगच ग्लोव्हज घालायला घ्या. हात तयार होईपर्यंत तो वेळ बराचसा भरून निघतो.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नळी ट्यूबच्या ‘निम्म्या’पेक्षा मोठी नसावी असे शिकवले; पण निम्मा व्यास की निम्मे क्षेत्रफळ, याचे उत्तर वर्गात दोन शिक्षकांनी दोन प्रकारे दिले. दाबाचे आकडेही पुस्तकागणिक वेगळे आहेत. परीक्षेत काय लिहू?

उत्तर : प्रश्न उत्तम आहे, कारण येथे गोंधळ खरोखरच आहे. नळीचे माप फ्रेंच या एककात असते आणि एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. म्हणजे 12 फ्रेंचची नळी 4 मिलिमीटर जाड. आठ नंबरच्या ट्यूबचा आतला व्यास 8 मिलिमीटर असतो, तेव्हा ही नळी व्यासाच्या बरोबर निम्मी झाली. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती ट्यूबच्या पोकळीचा फक्त चतुर्थांश भाग व्यापते. क्षेत्रफळाने निम्मी पोकळी अडवायची झाली, तर नळीचा व्यास ट्यूबच्या सुमारे 70 टक्के लागेल. तत्त्वांत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पोकळीच्या 50 टक्क्यांहून कमी, तर नवजात बालकांसाठी 70 टक्क्यांहून कमी असे शब्द आहेत. खाटेपाशी व्यासाचा अर्थ घेण्याची रूढी आहे आणि ती अधिक सुरक्षित बाजूची आहे. तिचे सोपे गणित म्हणजे ट्यूबच्या नंबरातून 2 वजा करून उत्तराची दुप्पट करणे. आठ नंबरला 12 फ्रेंच येते आणि सातला 10. साडेसातला 11 येईल, पण नळ्या सम मापांत मिळत असल्याने 10 ची घ्यावी. परीक्षेत हे गणित लिहा आणि कारणही लिहा : नळीच्या कडेने आत यायला हवेला पुरेशी वाट उरली नाही, तर ओढलेली हवा भरून निघत नाही आणि फुफ्फुस मिटू लागते. कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे खाटेपाशी आकडा आठवला नाही, तरी चूक सहसा होत नाही.

दाबाचे आकडे वेगळे दिसतात, कारण ते काळानुसार बदलले. मोठ्यांसाठी 2010 च्या तत्त्वांत मर्यादा 150 मिलिमीटर पाऱ्याची होती, 2022 साली ती 200 करण्यात आली. मुलांसाठी व नवजात बालकांसाठी आता 120 ही कमाल आहे. या सर्व ऋण दाबाच्या मर्यादा आहेत, गाठायची उद्दिष्टे नव्हेत. कफ निघेल असा कमीत कमी दाब वापरावा, हे सूत्र दोन्हींच्या मुळाशी आहे. काही काट्यांवर एकक किलोपास्कल असते. तेथे 20 किलोपास्कल म्हणजे 150 मिलिमीटर पारा हे लक्षात ठेवा, नाही तर 20 हा आकडा कमी वाटून बटण आणखी फिरवले जाते.

वेळेची मर्यादा एका सक्शनला 15 सेकंद. ते मोजण्यासाठी पूर्वी आम्हाला शिकवत, की स्वतःचा श्वास रोखून धरा आणि जीव घाबरला की नळी बाहेर घ्या. निरोगी माणसाच्या भरल्या फुफ्फुसांना तुलनेला घेणे मला पटत नाही. मनात आकडे मोजावेत किंवा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे, ते जास्त खरे. खोलीबाबत, नळी ट्यूबच्या लांबीएवढीच आत घालावी, अडेपर्यंत खुपसू नये. एवढ्याने कफ निघत नसेल तरच खोलवर जावे.

प्रश्न : आमच्याकडे आता सर्व रुग्णांना बंद सक्शन आहे. ट्यूबला कायम जोडलेल्या पिशवीतल्या नळीने काम होते. मग न्यूमोनियाची चिंता संपली आणि दर वेळी हात धुण्याची गरज नाही, असे सहकारी म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. बंद पद्धतीचा मोठा फायदा असा, की रुग्णाला व्हेंटिलेटरपासून सोडवावे लागत नाही, त्यामुळे जास्त ऑक्सिजन आणि जास्त दाब लागणाऱ्या रुग्णाचे फुफ्फुस मिटत नाही, आणि कफाचे शिंतोडे परिचारिकेच्या चेहऱ्यावर उडत नाहीत. पण 2007 साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावा एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या पुनरावलोकनात 16 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा उघडी आणि बंद पद्धत यांत न्यूमोनियाच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता, आणि 2022 ची तत्त्वेही दोन्ही पद्धती सुरक्षित मानतात. हात प्रत्येक वेळी स्वच्छ करायचेच, कारण त्याच हातांनी आपण जोडणी, व्हॉल्व्ह आणि रुग्णाचे तोंड हाताळता. बंद पद्धतीची एक नवी चूक मी अनेकदा पाहिली आहे, ती सांगते : काम झाल्यावर नळी पूर्ण मागे ओढली जात नाही आणि तिचे टोक ट्यूबमध्येच राहते, त्यामुळे रुग्ण अरुंद झालेल्या वाटेतून श्वास घेत राहतो. नळीवरची काळी खूण पिशवीत दिसेपर्यंत ती मागे घ्या आणि व्हॉल्व्ह बंद झाल्याची खात्री करा.

प्रश्न : मी एका आयसीयूची इनचार्ज आहे. सक्शनची पद्धत किती पाळली जाते हे मोजण्यासाठी यादी घेऊन खाटेपाशी उभी राहिले, तर सिस्टर्स घाबरल्या, काहींचे हात कापू लागले; आणि मी निघून गेल्यावर सगळे पूर्ववत झाले असे कळले. मोजायचे तरी कसे?

उत्तर : आपण मोजायला निघालात हेच पुष्कळ आहे. कोणी पाहत आहे हे कळले, की माणूस अधिक काळजीपूर्वक वागतो, याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात आणि तो टाळता येत नाही. म्हणून पहिल्या काही निरीक्षणांचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. तुम्ही नेहमीच आसपास असता, हे सवयीचे झाले की आकडे खरे होऊ लागतात. लेखी प्रश्नपत्रिकेवर मात्र विसंबू नका. वर सांगितलेल्या 2002 च्या अभ्यासाने दाखवले आहे, की तिचे गुण हाताविषयी फारसे काही सांगत नाहीत.

यादी बदला, असे मी सुचवेन. तीस-पस्तीस पायऱ्यांची यादी आणि खाली एकूण टक्केवारी, असा तक्ता अनेक ठिकाणी असतो. त्यात ग्लोव्हज घातले याला एक गुण आणि गरज नसताना नळी घातली याचाही एकच गुण कापला जातो. 90 टक्के गुण मिळवणाऱ्या सिस्टरने ते सक्शन करायलाच नको होते, हे त्या तक्त्यात दिसत नाही. त्याऐवजी मोजक्या गोष्टी, त्याही ज्या चुकल्या तर रुग्णाला अपाय होतो अशाच, वेगवेगळ्या नोंदवा आणि त्यांची बेरीज करू नका. गरज तपासली का व कोणत्या लक्षणावरून सक्शन केले, हात स्वच्छ केले का, आधी आणि नंतर ऑक्सिजन वाढवला का, दाब किती होता, नळी किती सेकंद आत होती, आणि नंतर रुग्णाचे काय झाले, म्हणजे सॅच्युरेशन, ठोके, छातीचा आवाज व कफाचा रंग-घट्टपणा लिहिला का, एवढे पुरेसे आहे. आणि शेजारी आणखी एक रकाना ठेवा : पायरी सुटली तेव्हा काय कमी होते. एकाच खाटेवर, एकाच पाळीत, वेगवेगळ्या सिस्टर्सकडून तीच पायरी सुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा त्या खाटेचा किंवा त्या पाळीचा निघतो. एका विभागात मी हे केले तेव्हा दाबाची पायरी जवळजवळ फक्त भिंतीकडच्या तीन खाटांवर सुटत होती, कारण तेथील काटे मॉनिटरच्या मागे झाकले जात होते. मॉनिटरचा दांडा एक वीतभर सरकवला, आणि ती पायरी कोणालाही शिकवावी लागली नाही.

पाहिलेले त्याच दिवशी, त्याच सिस्टरला, एकटीला सांगा. आधी काय चांगले झाले ते आणि मग एकच सुधारणा. फलकावर नावे लावू नका, विभागाचा आकडा लावा. नोंदीच्या तक्त्यातील ‘सक्शन’ असे लिहिलेले दोन-दोन तासांचे रकाने काढून तेथे ‘तपासले : गरज आहे किंवा नाही’ असे छापून घ्या. एवढ्या एका बदलाने न केलेले सक्शनही केलेल्या कामात मोजले जाईल. आणि आपण स्वतः यादी घेऊन उभ्या राहण्याआधी एकदा यादी एखाद्या कनिष्ठ सिस्टरच्या हाती द्या, नळी आपण घ्या आणि तिला आपले सक्शन मोजू द्या. माझ्या वेळी मला छाती ऐकण्याच्या पायरीला ‘नाही’ मिळाले होते, आणि ते देणाऱ्या मुलीचा हात त्यानंतर माझ्यासमोर कधी कापला नाही.